शुक्रवारचं वाळवण

रेजिना मावशीची सुकेळी आठ दिवसांची. सातव्या दिवशी कितीही जवळचं माणूस दारात आलं तरी ती पुडा देत नसे. राजेळी केळी पिकवायची, सोलायची, अंगणातल्या बांबूच्या मांडवावर चटया अंथरून उन्हात मांडायची. संध्याकाळी गोळा करून केळीच्याच सुक्या पानांत गुंडाळून ठेवायची, म्हणजे दिवसभराची ऊब आत राहते आणि गोडी बाहेर पाझरते. सकाळी पुन्हा मांडव. आठव्या दिवशी मधाच्या रंगाचं, बोटाला चिकटेल न चिकटेल असं फळ उरतं. ते पानात बांधून वर सोपटाची, म्हणजे केळीच्या खोडाच्या सुक्या सालीची, गाठ मारली की पुडा झाला. आगाशीत आमच्या आणि तिच्या वाडीमध्ये फक्त एक कुंपण होतं, म्हणून हे सगळं मी लहानपणापासून पाहिलेलं.

दिवाळी सरली की मांडव उभा राही आणि मे महिन्यात उतरे. मधे एक आठवडा मात्र तो रिकामा असे. ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारच्या आत चालू खेप उतरवायची आणि ईस्टर होईपर्यंत नवी घालायची नाही, हा तिच्या सासूपासूनचा नेम. गुड फ्रायडेला चटया बाहेर काढायच्या नाहीत, आणि अर्धवट सुकलेलं केळं एक दिवस झाकून ठेवलं तर ते आंबण्याची भीती. देवाचं आणि केळ्याचं असं दोन्ही त्या नेमात सांभाळलं जाई.

गॉडफ्रे तिचा एकुलता एक मुलगा. मालाडला एका कंपनीत रात्रपाळी करायचा. दोन हजार सहाच्या दिवाळीत त्याने ऑर्कुटवर ‘आगाशीची सुकेळी’ नावाची कम्युनिटी काढली. नव्या डिजिटल कॅमेऱ्याने मांडवाचे, सुक्या पानांचे, मावशीच्या हातांचे फोटो काढले. तीन महिन्यांत चारशेवर माणसं तिथे जमली. कुवेत, टोरांटो, पुणे, मनवेलपाड्याच्या नव्या बिल्डिंगा. कुणी आजीच्या मांडवाची आठवण लिहायचं, कुणी गावाकडून येणाऱ्याबरोबर दोन पुडे पाठवा म्हणायचं. एका खेपेला दहा पुडे करणारी मावशी साठ करू लागली. तिला त्यातलं फारसं कळत नव्हतं, पण आवडलं होतं. संध्याकाळी पानं गुंडाळताना ती मला विचारायची, आज कोण कोण आलं होतं गं? जणू माणसं ओट्यावर येऊन बसून गेली होती.

गॉडफ्रेने मात्र कंपनीतल्या कुठल्याशा ट्रेनिंगमध्ये ऐकलं होतं की रोज काहीतरी टाकलं नाही तर लोक विसरतात. मग मांडव रिकामा असला तरी फोटो, ढग असले तरी ऊन. आणि कुणीही मागितलं की ‘हो’. कुवेतला नोकरी करणाऱ्या ज्युलीचं लग्न ईस्टरनंतरच्या आठवड्यात होतं. तिने कम्युनिटीवरच चाळीस पुडे मागितले, आणि मावशीला न विचारता गॉडफ्रेने ते कबूल केले. ज्युलीची आई हेलन ही मावशीची शाळेपासूनची मैत्रीण. तिला नाही कसं म्हणायचं? त्या वर्षी, सासू गेल्यानंतर पहिल्यांदा, मावशीने पवित्र आठवड्याच्या सोमवारी खेप घातली. शुक्रवारी चटया आतच राहतील, एवढं तिने गॉडफ्रेला बजावून ठेवलं.

आणि त्या राहिल्या. त्या शुक्रवारी, सहा एप्रिलला, कडकडीत ऊन होतं. दिवसभर तिने मांडवाकडे पाहिलंही नाही. दुपारी तीनला देवळात गेली आणि क्रुसाच्या उपासनेला हेलनच्या शेजारी बसली. शनिवारी पहाटे आभाळ भरून आलं. पानं उलगडली तर चार दिवसांच्या केळ्यांना आंबूस वास. चाळीस पुड्यांचा माल. मी कुंपणापाशी गेले तेव्हा ती एकेक केळं उचलून नाकाशी नेत होती आणि टोपलीत टाकत होती. म्हणाली, नेम मोडला तो मीच. दंड भरायला नको?

ते ती सोसायला तयार होती. पण दहाच्या सुमारास हेलन आली, ती अंगणात न येता फाटकाशीच उभी राहिली. लग्नाला सुकेळी नकोत, एवढंच सांगायला आले, म्हणाली. मावशीला वाटलं, माल गेल्याचं हिला कसं कळलं. ती समजावू लागली, तर हेलन तिला थांबवून म्हणाली, “काल तू मांडव घातलास. सगळ्या जगाने पाहिला. ज्युलीने फोन करून सांगितलं.”

“काल मी तुझ्या शेजारी बसले होते, हेलन.”

“तीन वाजता. सकाळी काय केलंस ते मला काय ठाऊक?”

एवढं बोलून ती गेली. आंबलेली टोपली त्या दोघींच्या मधे होती. तिला दिसली नसेल असं मला आजही वाटत नाही.

झालं होतं ते असं. गॉडफ्रेच्या कंपनीला शुक्रवारची सुट्टी नव्हती. सकाळी रात्रपाळी संपवून निघताना, सवयीने, त्याने फेब्रुवारीतला एक फोटो टाकला होता: भरलेला मांडव, वाकलेली मावशी. वर लिहिलं होतं, ‘आजचं वाळवण. ईस्टरसाठी खास.’ खाली तासाभरात ज्युलीचं वाक्य: ‘गुड फ्रायडेलाही धंदा? आमच्या लग्नात असला गोडवा नको.’ त्याखाली अजून अकरा जण. त्यांतल्या चौघांना मावशीने लहानपणी कडेवर घेऊन फिरवलं होतं.

तिने गॉडफ्रेला झोपेतून उठवलं. ती ओरडली नाही. तिचा राग मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. तो तिच्या हातांत होता. सोपटाची एक दोरी ती पुन्हा पुन्हा ताणत होती आणि ती तुटत होती. गॉडफ्रे डोळे चोळत म्हणाला, “मम्मी, पुसून टाकतो. एका मिनिटाचं काम.”

“पुसू नकोस. पुसलंस तर मी केलं म्हणून पुसलं असं होईल.”

आम्ही तिघं नाक्यावरच्या सायबर कॅफेत गेलो. मावशी देवळात जायच्या साडीवर होती. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर ताठ बसून तिने तो फोटो बराच वेळ पाहिला. मग ती सांगू लागली आणि मी इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करू लागले. फोटो फेब्रुवारीतला आहे. टाकणारा माझा मुलगा. शुक्रवारी माझ्या चटया घरात होत्या, त्यामुळे माझी खेप आंबली, टोपली अजून अंगणात आहे, ज्याला हुंगायचंय त्याने यावं. गॉडफ्रे मागून म्हणाला, थोडं सौम्य लिहूया, गैरसमज झाला असं लिही. ती मागे वळलीही नाही. “गैरसमज नाही. खोटं. तू लिहिलेलं खोटं. तेच लिही.”

मी लिहिलं. मग तिने त्याच्याकडे पासवर्ड मागितला आणि पॅरिशच्या कॅलेंडरमागे पेन्सिलीने उतरवून घेतला. त्या दिवसापासून कम्युनिटी ती चालवू लागली, माझ्या बोटांनी, दर बुधवारी. मांडवावर जेवढं आहे तेवढंच लिहायचं. जेवढे पुडे उतरतील तेवढ्यांनाच हो म्हणायचं, बाकीच्यांना पुढच्या खेपेची तारीख सांगायची. विचारणाऱ्या प्रत्येकाला उत्तर द्यायचं, मग उत्तर ‘नाही’ का असेना. सांगण्यासारखं नसेल त्या आठवड्यात काहीच टाकायचं नाही. आणि फोटो काढायचा तर आधी शाळेतली पाटी मांडवाच्या कोपऱ्यात उभी करायची, तिच्यावर खडूने त्या दिवसाची तारीख आणि द्यायला असलेल्या पुड्यांचा आकडा. गॉडफ्रे हसला होता पाटीला. “हास,” ती म्हणाली, “हसून झालं की फोटो काढ.”

माणसं कमी झाली नाहीत. उलट पाटी पाहून लोक आपापल्या येण्याच्या तारखा कळवू लागले आणि मावशीला खेपा आखता येऊ लागल्या. एकही पुडा पडून राहिना. ज्या अकरा जणांनी लिहिलं होतं, त्यांतल्या नऊ जणांनी तिथेच खाली चूक कबूल केली. ज्युलीचं वाक्य मात्र तसंच राहिलं. दर बुधवारी मावशी विचारायची, मी नाही म्हणायचे, आणि ती पुढचं वाचायला सांगायची.

पुढच्या जानेवारीत हेलन आली. धाकट्या मुलाचं लग्न होतं. या वेळी थेट ओट्यावर येऊन बसली, गुडघेदुखीचं बोलली, मग बारा पुडे मागितले, जुनं विसर गो म्हणाली. मावशी केळी सोलत होती. तिने मान वर केली नाही.

“ज्युलीने जिथे लिहिलं, तिथेच तिला लिहायला सांग. मग ने.”

“अगं, ती तिकडे, तिला वेळ कुठला.”

“तेव्हा होता.”

हेलन उठली. ती खेप आठव्या दिवशी उतरली तेव्हा मी पाहिलं, मावशीने बारा पुडे वेगळे बांधून कपाटावर ठेवले होते. त्यांच्या गाठी इतरांपेक्षा नेटक्या होत्या.

बुधवारी कॅफेत ज्युलीची ओळ दिसली. ती कागदावर उतरवून मी घाईघाईने परत आले आणि वाचून दाखवली: ‘फोटो जुना होता असं कळलं.’

मावशीने ती मला दोनदा वाचायला लावली.

“पुढे?”

“एवढंच.”

तिने कपाटाकडे पाहिलं. मग स्टूल ओढून वर चढली, बारा पुडे एकेक करून खाली काढले आणि उरलेल्या अठरांच्या टोपलीत ठेवले. पाटीवरचा अठराचा आकडा पदराने पुसला. खडू मला देत म्हणाली, “तीस लिही.”