डॉक्टर टिकवणारे चुलतसासरे

आमच्या चुलतसासऱ्यांइतका मनापासून पाहुणचार करून माणसं पळवून लावणारा गृहस्थ जुन्नर तालुक्यात दुसरा झाला नाही, आणि सोबत आंबेगाव तालुका धरला तरी होणार नाही. हे मी स्वानुभवानं सांगतो, कारण मी त्या घरचा जावई. माझी नोकरी कळंबच्या शाळेत, सासुरवाडी मढच्या बाजूला डोंगराच्या कडेला. लग्नानंतर पहिल्यांदा मुक्कामाला गेलो तेव्हा यांनी सकाळच्या न्याहारीलाच तांदळाची भाकरी आणि कोंबडीचा रस्सा पुढं ठेवला. 'पुरे' म्हणून ताटावर हात आडवा धरला, तर रस्सा हातावरच वाढला. वर दिलासा असा, की "जावयबापू, लाजायचं न्हाई. खाऊन खाऊन आमच्या गावात अजून कोनी मेलं न्हाई." दोन दिवसांत मी शाळेची तपासणी असल्याची थाप मारली आणि मिळेल त्या एसटीनं कळंब गाठलं. सगळं गाव त्यांना नाना म्हणायचं. पुढं मीही म्हणू लागलो, पण दोन मुक्कामांपेक्षा जास्त राहायची माझी कधी छाती झाली नाही.

या नानांनी नव्वदच्या दशकात एक विडा उचलला होता. फाट्यावरच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर टिकवायचा. दवाखाना बांधला तेव्हा आसपास चार विरळ वस्त्या होत्या, आणि त्या मानानं तो ऐसपैस वाटायचा. मग शेताला पाणी आलं, टोमॅटो आले, आणे पठारावरून कांदे काढायला माणसं आली, माळशेजच्या घाटात गाड्या वाढल्या आणि त्यांचे अपघातही वाढले. दवाखाना मात्र होता तेवढाच राहिला. एका खाटेवर दोन रोगी, एकाच्या उशाशी दुसऱ्याचे पाय. तिसरा भिंतीला टेकून बसलेला, आणि त्याच्या सलाईनची बाटली हातात धरून मेहुणा उभा. ऑपरेशनची खोली होती, पण तिला कायमचं कुलूप, कारण डॉक्टर येई तसा जाई. बाई अडली की एकच वाक्य ऐकू यायचं, "पुण्याला हलवा." नानांना हे वाक्य शिवीसारखं लागायचं. "आमच्या लेकी माहेराला बाळंत व्हायला येत्यात," ते म्हणत, "आन् आमी त्यास्नी जीपमंदी घालून पुण्याला धाडतो. ह्याला काय माहेर म्हनायचं व्हय?"

डॉक्टर का टिकत नाही, याचं नानांचं निदान ठरलेलं होतं. "पगार सरकार देतंय, पर मान कोन देनार? डॉक्टर म्हंजी गावाचा जावई." हे एकदा ठरल्यावर येणाऱ्या प्रत्येक डॉक्टरचं काय झालं असेल, ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. पहिला आला तो किडकिडीत पोरगाच होता. हातात बॅग घेऊन एसटीतून उतरतो तोच हलगी कडाडली, डोक्यावर फेटा चढला आणि फेटा थेट नाकावर आला. दवाखान्यात ताटकळलेले पेशंटसुद्धा मिरवणुकीत नाचले. त्यांतल्या एकाची उडी बघून डॉक्टरांनी त्याला तिथल्या तिथं बरा ठरवला. पुढं रोज एकेका घरची पाळी लागली, आणि आपल्या पाळीला मटण नाही म्हणजे नाक कापल्यासारखं. आठवडाभरात त्या बिचाऱ्यानं हात जोडून दहीभात मागितला. झालं! जावई रुसला, अशी हाकाटी झाली आणि रुसवा काढायला बायांचा घोळका त्याच्या क्वार्टरच्या पायरीवर येऊन बसला. दसऱ्याच्या आत तो गेला.

दुसरा डॉक्टर मांसमच्छी न शिवणारा निघाला, म्हणून नानांनी त्याला दुधासाठी शेळी दिली. शेळीनं खिडकीचा पडदा खाल्ला, मग ड्रेसिंगचा कापूस खाल्ला. डॉक्टर चार दिवसांची रजा काढून गेला तो शेळी न्यायलासुद्धा परतला नाही. तिसऱ्याचं नशीब त्याहून खोटं, तो नेमका अधिक महिन्यात हजर झाला. धोंड्याच्या महिन्यात गावाचा जावई आयता दारात! प्रत्येक घरानं पुरणाचे धोंडे केले, ताम्हणात दिवे लावून ओवाळायला रांग लागली, आणि संध्याकाळी त्या धोंड्यांच्या ढिगाआड डॉक्टरचा नुसता चष्मा दिसत होता. त्यानं बदलीचा अर्ज त्याच आठवड्यात टाकला. डॉक्टर आता परत येणार नाही असं कळलं, की तिन्ही वेळा नाना फाट्यावर जाऊन उभे राहिले आणि उपरण्यानं डोळे पुसत म्हणाले, "आमचंच कायतरी कमी पडलं."

त्याच सुमारास माझ्या बायकोला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. पण तिचं ब्लडप्रेशर वाढायला लागलं आणि माझा धीर सुटला. मी पुण्याला खोली बघतो म्हणालो. नाना कडाडले, "पोरीचं पैलं बाळंतपन हितंच व्हईल. डॉक्टर मी आनतो." आणि पुण्याच्या आरोग्य खात्याच्या ऑफिसात जाऊन साहेबांच्या दाराशी ठाण मांडून बसले. रोज जाताना भाकऱ्यांची चवड न्यायचे, आणि शिपायापासून साहेबापर्यंत प्रत्येकाला आग्रह करकरून वाढायचे. साहेबांनी ऑर्डर काढली ती लोकहितासाठी की स्वतःच्या पोटाच्या काळजीनं, हे मला आजही सांगता येणार नाही. पण काढली. बाळंतपणं आणि ऑपरेशनं करणाऱ्या एक डॉक्टरीणबाई येणार, असं कळलं. नानांनी लगेच हलगीवाल्याला सांगावा धाडला.

तेव्हा माझी बायको अवघडल्या अंगानं उठून उभी राहिली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "नाना, जावई कुनाच्या घरात ऱ्हातो का? आमचं ह्ये बसल्यात न्हवं समोर, ह्ये कधी ऱ्हायलं का? जावई येतो तो जायलाच. घरात ऱ्हाती ती सून. आन् सुनंला कोन वाजवत-गाजवत खाऊ घालतं? तिच्या हातात किल्ल्या देत्यात." नाना उठले. ओट्यावर जाऊन तंबाखू मळत बसले. तंबाखूचं पार पीठ झालं तरी मळतच होते.

डॉक्टरीणबाई उतरल्या तेव्हा फाट्यावर ना हलगी ना फेटा. एकटे नाना, हातात किल्ल्यांचा जुडगा. "ह्या किल्ल्या. त्यो समोर दवाखाना. नळ गळतोय, छप्पर गळतंय, ऑपरेशनच्या खोलीतला मोठा दिवा लागत न्हाई. आता तुझं घर हाय पोरी, तुझं तू बघ." बाई सोलापूरकडच्या, आवाज खणखणीत. त्यांनी एकेक खोली उघडून पाहिली. ऑपरेशनची खोली उघडली तर आत छपरापर्यंत भाताची पोती! सगळ्या दवाखान्यात न गळणारी तेवढी एकच खोली होती, हे नानांनी केव्हाच हेरलेलं.

"हा भात कुणाचा?"

"आपलाच," नाना बारीक आवाजात म्हणाले.

"संध्याकाळच्या आत उचला. आणि उचलला की खोली धुऊन द्या. स्वतः."

नानांशी असं बोललेलं माणूस गावानं पाहिलं नव्हतं. मला वाटलं, आता ही ऑर्डरही फुकट गेली. पण पहिलं पोतं पाठीवर घेऊन बाहेर येणाऱ्या नानांचा चेहरा नुसता फुललेला. "जावयबापू, टिकनार ही! आल्या आल्या सासऱ्याला कामाला लावलं!"

मग बाईंनी कामाचा धडाकाच लावला. खाटा कमी आहेत म्हटल्यावर नाना लग्नाला भांडी गोळा करावीत तसे घरोघर फिरले आणि सुंभाच्या बाजा गोळा करून आणल्या. दवाखान्याचा व्हरांडा भरला. बाई म्हणाल्या, सुंभात ढेकूण आहेत, सगळ्या उन्हात टाका. नानांनी कुरकुरत टाकल्या. दोघांचं रोज वाजायचं, आणि ज्या दिवशी वाजलं नाही त्या दिवशी नाना चुकल्या-चुकल्यासारखे दिसायचे. मोठा दिवा दुरुस्त झाला त्या दिवशी त्यांनी अख्ख्या गावाला रांगेनं नेऊन तो लागतो कसा ते दाखवलं, आणि बाईंनी अख्ख्या गावाला चपला काढायला लावल्या.

माझ्या बायकोच्या पोटात सकाळी दुखायला लागलं. दुपारी बाई बाहेर आल्या. "बाळ अडलंय. सिझर करावं लागेल. मी करते, पण भूल द्यायला डॉक्टर पाहिजे. नारायणगावला आहेत, फोन उचलत नाहीयेत." मी कसंबसं विचारलं, "पुण्याला हलवायचं का?" त्या म्हणाल्या, "रस्त्यात काय होईल ते मी सांगू शकत नाही." मी पुन्हा नारायणगावचा फोन फिरवायला धावलो. नाना मात्र तोवर जीपमध्ये चढलेसुद्धा होते. भुलीचे डॉक्टर एका लग्नात पंगतीला बसलेले सापडले. पानावर जिलब्या, वाढपी भातावर वरण घालतोय. ज्या माणसानं जन्मभर कुणाला ताटावरून उठू दिलं नाही, त्यानं त्या डॉक्टरचा दंड धरून त्याला भरल्या ताटावरून उठवला. "अहो, निदान हात तरी—" "जीपमंदी पान्याचा कॅन हाय. चला." यजमान आडवा आला, त्याला म्हणाले, "लगीन लागलंय न्हवं? मग आता ह्यास्नी माज्या पोरीला सोडवू दे."

दिवस मावळायच्या आत मुलगी झाली. मी रडलो, त्याची लाज वाटत नाही. नाना व्हरांड्यात एका बाजेच्या कडेला बसले होते. मला वाटलं, आता साऱ्या गावाला जेवण घालणार. पण ते एवढंच म्हणाले, "माहेरातच झाली." आणि पुन्हा एकदा, स्वतःशीच, "माहेरातच."

बाई पुढं बरीच वर्षं राहिल्या. नवा वॉर्ड झाला, तोही भरला, बाजा पुन्हा व्हरांड्यात आल्या. नाना थकले, त्यांच्या हातात काठी आली, आणि गोळी चुकवली म्हणून बाईंची बोलणी खाणं हा त्यांचा रोजचा खुराक झाला. आणि एक दिवस बाईंच्या बदलीची ऑर्डर आली, पार नंदुरबारकडच्या डोंगरात. गाव खवळलं. पोरांनी रास्ता रोकोसाठी टायर आणून टाकले, फक्त नानांनी पुढं व्हायचं बाकी होतं. नाना काठी टेकत बाईंकडे गेले.

"तितं आता कोन डॉक्टर हाय?"

"कोणी नाही नाना. जागा रिकामीच आहे. अडलेल्या बाईला झोळीत घालून डोंगर उतरवतात म्हणे."

नाना काठी टेकत वळले. मग बाहेर येऊन पोरांना म्हणाले, "टायर उचला."

"नाना, डॉक्टर जाऊ द्यायचा न्हाई, आसं तुमीच म्हनत व्हता!"

"म्हनत व्हतो. पर तितंबी कुनाच्या तरी लेकी माहेराला आल्या आसतील."

टायर उचलले गेले. बाई गेल्या त्या दिवशी मी कळंबहून मुद्दाम आलो होतो. त्या नानांच्या पाया पडल्या, गोळ्या वेळेवर घ्यायचा शेवटचा दम दिला आणि गाडीत बसल्या. गाडी वळणाआड गेली. मी म्हणालो, "चला नाना, घरी." तर म्हणाले, "तुमी व्हा म्होरं. मागनं येनाऱ्या एसटीनं कोन नवा डॉक्टर आला तर? आपलं मानूस नको का हितं?" कुणाचीही ऑर्डर निघालेली नव्हती, हे मला ठाऊक होतं आणि त्यांनाही. मी शेजारी बसलो. एसटी आली. कांद्याच्या रोपांचं गाठोडं घेऊन एक बाई उतरली, मागून कॉलेजची दोन पोरं. नाना उठून दारापर्यंत गेले, शेवटच्या सीटपर्यंत वाकून बघितलं, कंडक्टरला विचारलं आणि परत आले. "आज न्हाई," म्हणाले. "उद्या बगू." दुसऱ्या दिवशी ते पुन्हा फाट्यावर गेले, तिसऱ्या दिवशी गेले, नवा डॉक्टर येईपर्यंत जातच राहिले.

आता नाना नाहीत. तिकडे गेलो की अजूनही कधी फाट्यावर एखादा अनोळखी माणूस बॅग घेऊन एसटीतून उतरतो, इकडंतिकडं बघतो. मला वाटतं, याला घ्यायला आता कोण येणार?