हॅनाचं पुढे काय झालं

सुलक्षणाताई वानखेडे रस्त्याने चालू लागल्या की एडिनबरातले निम्मे तरुण नकळत आपला दंड चोळतात, असं विलासराव म्हणायचे.

नवऱ्याच्या बोलण्यात अतिशयोक्ती होती, पण फार नाही. नागपुरात नर्सिंग शिकून आलेल्या ताईंनी शहराच्या उत्तरेकडच्या वस्तीत हेल्थ व्हिजिटर म्हणून उभा जन्म काढला. दारोदार जायचं, बाळांची वजनं करायची, घाबरलेल्या आयांना त्यांच्याच किटलीतला चहा करून पाजायचा आणि लस टोचायची. कुणी फाटे फोडू लागलं की ताईंचं ठरलेलं वाक्य यायचं, "आधी पत्रक वाच, मग माझ्याशी भांड."

मग त्या रिटायर झाल्या आणि घरावर संक्रांत आली. त्यांनी स्वयंपाकघरातली कपाटं पुन्हा पुन्हा लावली. विलासरावांच्या रक्तदाबाची सकाळ-संध्याकाळ तपासणी सुरू झाली. कौन्सिलच्या रस्ते विभागात आयुष्यभर खड्डे बुजवलेल्या त्या माणसाने शेवटी स्वतःच्या बचावासाठी एक जाहिरात शोधून आणली. जुन्या वैद्यकीय पत्रांच्या एका छोट्या संग्रहालयाला स्वयंसेवक हवे होते. पत्रं वाचायची, टाइप करायची आणि तारखेप्रमाणे लावून द्यायची.

"मला कुठे जमतंय इतिहासातलं?" ताई म्हणाल्या.

"डॉक्टरांची अक्षरं वाचण्यात हयात गेली तुझी," विलासराव म्हणाले. "आणखी काय पाहिजे त्यांना?"

संग्रहालयाची प्रमुख मोरॅग नावाची उंच, हसरी बाई होती. तिने सूचनांच्या पत्रकासह ताईंच्या हाती एक गठ्ठा सोपवला. तीनशे वर्षांपूर्वी पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्या डॉक्टर व्हिटकम नावाच्या गृहस्थाने एडिनबरातल्या आपल्या मित्राला लिहिलेली ती पत्रं होती. अक्षर म्हणजे कोंबडीने शाईत पाय बुडवून केलेली पळापळ. पण आठवडाभरात ताईंचा डोळा बसला आणि त्या त्यात अशा रमल्या की पोळ्या करपू लागल्या.

या डॉक्टरला सगळ्याच गोष्टींचं वेड होतं. एका पत्रात तो हिवतापाबद्दल लिही, दुसऱ्यात सस्क्वेहॅना नदीच्या वळणांचा नकाशा काढून पाठवी. कधी बियांच्या पुड्या, कधी सापाची कात, आणि थंडी किती पडली याचे आकडे तर नेहमीचेच. जेवताना ताई विलासरावांना सगळं ऐकवायच्या.

"अहो, त्यांनी अस्वलाची चरबी संधिवाताला लावून पाहिली."

"गुण आला?"

"पेशंट परत आला नाही म्हणे."

"म्हणजे गुण आला, नाहीतर अस्वल आलं."

या पत्रांत अधूनमधून हॅना भेटायची. हॅना म्हणजे डॉक्टरची सहा वर्षांची लेक. १७३७च्या फेब्रुवारीतल्या पत्रात ती बापाच्या मागे मागे हिंडत होती, बियांच्या पुड्या बांधत होती आणि रोज सकाळी थर्मामीटरचा आकडा मोठ्याने वाचून दाखवत होती. ताईंना ही पोर फार आवडली.

आणि मग त्याच वर्षाच्या एप्रिलमधलं पत्र आलं. गावात देवीची साथ पसरली होती. तेव्हा आजच्यासारखी लस नव्हती. रोग्याच्या फोडातला पू घ्यायचा आणि धडधाकट माणसाच्या दंडावर चीर देऊन तो आत लावायचा. त्याने देवी हलक्या यायच्या, निदान बहुतेकांना. लोक तयार होईनात, म्हणून डॉक्टरने पहिली चीर स्वतःच्या मुलीच्या दंडावर दिली. हॅनाला जबर ताप भरला. 'आज सहावा दिवस. ती मला ओळखत नाही,' असं त्याने लिहिलं होतं.

त्यानंतरचं पत्र थेट ऑक्टोबरचं होतं. त्यात नदी होती, नकाशा होता. हॅना नव्हती. गठ्ठा तिथेच संपत होता.

त्या दिवशी ताई जेवल्या नाहीत.

त्यात मोरॅगने विचारलं, "पुढच्या महिन्यात आमचा ओपन डे आहे. हॅनाची पत्रं तू वाचून दाखवशील? आयुष्यभर लस दिलेल्या बाईने ती वाचावीत, असं मला फार वाटतं."

ताईंनी हो म्हटलं आणि घरी येऊन पस्तावल्या. बुद्धविहारातल्या मंडळींना विलासरावांनी आमंत्रणंही देऊन टाकली.

"मी आयांना सांगत आले की घाबरू नका, मुलाला काही होत नाही," ताई म्हणाल्या. "आणि आता उभी राहून सांगू की ज्या पोरीला पहिली चीर दिली, तीच गेली?"

"मग अस्वलाचं वाच."

"आणि हॅना लपवू? खरं ते सांगायचं, असं आपण शिकलो ना?"

विलासरावांनी मान डोलावली.

ताईंनी वाचायचं ठरवलं. शनिवारचा कार्यक्रम, आणि गुरुवारी संध्याकाळी त्या लॅपटॉप उघडून सराव करत बसल्या. एप्रिलच्या पत्राचा शेवट त्यांनी याआधी डोळे पुसत घाईघाईने टाइप केला होता. आता तो नीट वाचला. डॉक्टरने लिहिलं होतं की हॅनाच्या खोलीत नेताना माझा एकुलता एक थर्मामीटर फुटला, शक्य झाल्यास दुसरा धाडावा. ताईंनी फेब्रुवारीचं पत्र काढलं. 'फुटलेल्याच्या जागी आपण धाडलेला थर्मामीटर सुखरूप पोचला. त्याचा आकडा हॅना रोज वाचते.'

"अहो, इकडे या. फुटला एप्रिलमध्ये, आणि नवा आला फेब्रुवारीत."

"मागायच्या आधीच पार्सल? आजकाल मागवलेलंही वेळेवर येत नाही."

"थट्टा नको. काहीतरी चुकतंय."

"मग त्याचं वर्ष आमच्या आजोबांसारखं असेल," विलासराव कांदा चिरता चिरता म्हणाले. "आजोबांचं वर्ष चैत्रात लागायचं. फाल्गुन म्हणजे वर्षाचं शेपूट. म्हणजे फेब्रुवारी एप्रिलच्या नंतरच की!"

ते आपले गंमत करत होते. ताई मात्र खुर्चीवरून उठल्या आणि त्यांनी मोरॅगला फोन लावला.

"पंचवीस मार्च!" मोरॅग पलीकडून ओरडली. "स्कॉटलंडने जानेवारीत नवं वर्ष कधीच धरलं होतं, पण इंग्रजांच्या वसाहतींत तेव्हा वर्ष पंचवीस मार्चला बदलायचं. तो फेब्रुवारी आपल्या हिशेबाने पुढच्या वर्षातला आहे. मधली पत्रं जहाजांबरोबर बुडाली असतील. पण सुलक्षणा, मी तुला दिलेल्या सूचनांच्या दुसऱ्याच पानावर आहे हे सगळं. वाचल्या नव्हत्यास?"

ताईंनी फोन ठेवला.

"काय म्हणाली?" विलासरावांनी विचारलं.

"काही नाही. हॅना जगली."

"आणि दुसरं काय म्हणाली? कान लाल झालेत तुझे."

ताईंनी सांगितलं. विलासरावांनी सुरी खाली ठेवली, हात पुसले आणि अगदी ताईंच्या आवाजात म्हणाले, "आधी पत्रक वाच, मग माझ्याशी भांड." मग दोघंही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. त्यातलं थोडं पाणी कांद्याचं होतं.

शनिवारी हॉल भरला होता. विहारातल्या मंडळींनी दोन रांगा अडवल्या होत्या. ताईंनी एप्रिलचं पत्र हळूहळू वाचलं. 'ती मला ओळखत नाही' या ओळीवर त्या थांबल्या. त्यांनी कागद खाली ठेवला, ग्लास उचलला आणि सावकाश पाणी प्यायल्या. विलासराव खुर्चीत चुळबुळ करू लागले.

मग ताईंनी दुसरा कागद घेतला आणि नव्या थर्मामीटरचा आकडा मोठ्याने वाचणारी हॅना लोकांपुढे आणून उभी केली. मागून कुणीतरी टाळी वाजवली, आणि मग सगळ्यांनीच.

चहाच्या वेळी पहिल्या रांगेतली एक म्हातारी स्कॉटिश बाई रुमालाने नाक पुशीत त्यांच्याकडे आली. "ते पाण्याचं तुम्ही मुद्दाम केलंत!"

"हो," ताई म्हणाल्या. "मी महिनाभर थांबले होते. तुम्ही मिनिटभर थांबलात, तर काय बिघडलं?"