मडमबाईंचा उंबरा

मडमबाई कोंबड्यांना मराठीत रागवायच्या. "मेले, पुन्हा वाफ्यात शिरलीस? तंगडं मोडून हातात देईन." हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ऑस्ट्रेलियात, मुलाच्या परसात, चहाची कपबशी घेऊन उभा होतो. मेलबर्न तिथून गाडीने चार तास. चहूकडे गव्हाची रानं, आणि मराठी माणूस म्हणाल तर आमच्या घरातले चौघे: मी, बायको, मुलगा संदीप, सून अश्विनी. मी कुंपणावरून डोकावलो. पलीकडे शहाण्णव वर्षांची एक बाई, पांढरेशुभ्र केस, इस्त्रीचा झगा, पायात लेस बांधलेले काळे बूट, हातात झाडू.

मला बघून बाईंचा झाडू तिथल्या तिथे थांबला. मग विचारलं, "तू कुठला?"

"घोटीचा."

"इगतपुरीच्या पलीकडची घोटी?"

"तीच."

बाई लाकडं फोडायच्या ओंडक्यावर बसल्या. म्हणाल्या, "मी इगतपुरीची. मधे एकसुद्धा स्टेशन नाही."

आम्ही तीन महिन्यांसाठी गेलो होतो. तेवढ्यात करोना आला, विमानं बंद झाली आणि आम्ही तिथेच राहिलो. दीड मीटर अंतर ठेवा असा सरकारचा हुकूम होता. मधलं कुंपण त्या कामाला बरं होतं. रोज सकाळी दहाला त्या त्यांच्या बाजूला ओंडक्यावर, मी माझ्या बाजूला उलट्या बादलीवर. सगळं जग घरात कोंडलं होतं आणि मला घोटीत कधी मिळाल्या नव्हत्या एवढ्या गप्पा मिळत होत्या.

बाईंचे वडील इगतपुरीला आगगाडीचे ड्रायव्हर, अँग्लो-इंडियन. घरात इंग्रजी, पण सांभाळायला आया होती ती आपली, त्र्यंबकेश्वरकडची. मराठी तिच्या तोंडून शिकलेली. लढाईच्या काळात देवळालीच्या लष्करी दवाखान्यात बाई नर्स झाल्या. ब्रह्मदेशातून जखमी होऊन आलेला जॉर्ज नावाचा ऑस्ट्रेलियन शिपाई त्यांच्या वॉर्डात आला. "पाय मोडला होता, बोलायचा मात्र चारही पायांनी," बाई सांगायच्या. देवळालीच्या चर्चमध्ये लग्न झालं, लढाई संपल्यावर बोटीत बसल्या आणि या गावात उतरल्या. गावात त्यांना अजूनही वॉर ब्राइड म्हणत. म्हणजे लढाईतली नवरी. चौऱ्याहत्तर वर्षं झाली, नवरा जाऊन तीस वर्षं झाली, तरी नवरीच.

गावाला मात्र एक गोष्ट ठाऊक नव्हती. सासूने पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगून टाकलं होतं की सून इंग्लंडची आहे. त्या वेळी तिथे हिंदुस्थानचं रक्त म्हटलं की लोक तोंड फिरवत. बाईंनी सासूचा शब्द राखला. मराठी तोंडातून काढली नाही. ती फक्त कोंबड्यांशी. मी विचारलं, कोंबड्यांशीच का? म्हणाल्या, "कोंबड्या चुगली करत नाहीत."

त्यांच्या मराठीत एक खोट होती. आयाकडून शिकलेली रागावण्याची भाषा आणि बंगल्यातली हुकूम सोडण्याची भाषा, एवढंच त्यांच्याकडे होतं. "अहो" हा शब्दच नव्हता. मला म्हणायच्या, "ए, इकडे ये." आता मी पंचेचाळीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस. चौथीत शाळा सोडली, पण घोटीत गावचा पाटीलसुद्धा मला मिस्त्री म्हणतो. दोन दिवस मी ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी सांगितलं, "बाई, मला ए म्हणायचं नाही. मिस्त्री म्हणायचं."

बाईंनी मला खालपासून वर पाहिलं. "बहात्तर वर्षांचा पोर तू. मी तुला काहीही म्हणेन." मग म्हणाल्या, "बरं. मिस्त्री. इकडे ये."

आमच्या हिला त्या दिवसापासून बाई फारच आवडायला लागल्या.

बाईंच्या घराची मागची पायरी लाकडी होती, तीन उंच फळ्या, दोन कुजलेल्या. आदल्या हिवाळ्यात बाई तिथून पडल्या होत्या. त्यांचा मुलगा केविन ॲडलेडला. तोही सत्तरीचा. राज्याची सीमा बंद, त्याला येता येत नव्हतं. तो रोज फोनवर म्हणायचा, "मम, आता वृद्धाश्रमात जा." आणि वृद्धाश्रमाची त्या दिवसांतली गत सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली होती. आत गेलेल्या माणसाला काचेतून हात दाखवायचा, बस. बाईंनी मला सरळ सांगितलं, "मिस्त्री, मला माझ्या पलंगावर मरायचंय. कोंबड्यांचा आवाज ऐकत." सरकारची तपासनीस बाई सहा आठवड्यांनी घर बघायला येणार होती. ती म्हणेल घर सुरक्षित आहे, तर राहायचं. नाही म्हणाली, तर जायचं.

मी म्हटलं, पायरी मी बांधतो.

संदीप म्हणाला, "बाबा, इथे असं चालत नाही. इथे नो वरीज म्हणतात, पण प्रत्येक गोष्टीला फॉर्म असतो."

"मग तू फॉर्म भर. मी विटा भिजवतो."

आमची ही म्हणाली, "लोक परदेशात लोणचं नेतात, ह्यांनी ओळंबा आणलाय. तो काही पेटीत बसणार नाही आता." खरंच आणला होता. पितळेचा, वडिलांचा, दोरीला टांगून बांधकाम सरळ आहे का ते बघायचा.

पायरी पट्टीने मोजायची नसते, पायाने मोजायची असते. हे मला वडिलांनी शिकवलं. मी अंगणात सुट्ट्या विटा मांडल्या, एक थर, दीड थर, दोन थर, आणि बाईंना त्यांवरून चालायला लावलं. विचार न करता त्यांचा पाय किती उचलतो ते मी खडूने टिपत होतो. सव्वाचार इंच. तीन पायऱ्यांच्या जागी सहा केल्या, रुंद, दोन्ही पावलं मावतील अशा, बाजूला धरायला पाइप. बाई ओंडक्यावरून देखरेख करत. "तो थर वाकडा आहे."

"ओळंबा सांगतो सरळ आहे."

"ओळंब्याला चष्मा लागलाय."

काम करता करता त्यांच्या गोठ्यात मला एक दगड सापडला. काळा, लांब, घडीव. मी हात फिरवला तर आपलाच पाषाण, घोटीचा म्हणून विकला तरी कोणी ओळखणार नाही. माझं मनच भरून आलं. दाराशी मी तो बसवला. तीन इंच वर, कडा घासून, छान उंबरा केला. उंबऱ्याशिवाय दार म्हणजे दातांशिवाय तोंड. आमच्या हिने मास्क लावून त्यावर हळदीकुंकू वाहिलं. बाई मात्र त्यावर पाय न देता अलगद ओलांडून आत गेल्या. आयाने लहानपणी सांगितलं होतं म्हणे, उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही.

तपासनीस आली. उंच, सरळ बाई, मास्क लावलेली, हातात टेप. पायऱ्या मोजल्या, दोनदा मोजल्या. संदीपला म्हणाली, "कोणी केल्या?" त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. तिने अंगठा वर केला. माझी छाती फुगली. मग ती दाराशी आली, वाकली, उंबऱ्याला टेप लावली आणि मान हलवली.

संदीपने सांगितलं, "बाबा, ती म्हणते हा काढावा लागेल. म्हातारी माणसं ह्याच्यावर अडखळून पडतात. दोन आठवड्यांत काढला तर ती घर पास करेल. नाही काढला तर वृद्धाश्रम लिहील."

मी म्हटलं, "तिला सांग, उंबरा काढत नाहीत. घराचा उंबरा आहे."

"बाबा, प्लीज."

"मी आजवर माझं बांधलेलं फोडलेलं नाही. घोटीत कोणालाही विचार."

ती गेल्यावर मी घरी येऊन बसलो. कुंपणाकडे गेलो नाही. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. आमची ही माझ्याशी बोलेना. अश्विनी जेवण वाढून निघून जाई. चौथ्या दिवशी दहा वाजता दार वाजलं. बघतो तर मडमबाई. पहिल्यांदाच आमच्या दाराशी. माझ्या सहा पायऱ्या उतरून, काठी टेकत, रस्त्याने वळसा घालून आल्या होत्या. मागे चाकांच्या पिशवीत जॉर्जची जुनी पहार.

"मिस्त्री," बाई म्हणाल्या, "ऐक. मी आई सोडली. इगतपुरी सोडली. चौऱ्याहत्तर वर्षं भाषा सोडली. तुला एक दगड सोडवत नाही?"

मी म्हणालो, "उंबरा नसेल तर घरात येणाऱ्याला कळायचं कसं, घर कुठे सुरू झालं?"

बाई हसल्या. म्हणाल्या, "मी ह्या घरात आले तेव्हा सासू पुढच्या दारात उभी होती. मला मागच्या दाराने ये म्हणाली. सहा दिवस मी मागच्याच दाराने ये-जा केली. सातव्या दिवशी तिची गाय अडली. मी रात्रभर हात घालून वासरू काढलं. सकाळी तिने मला पुढच्या दाराने आत घेतलं आणि चहा दिला. घर तिथे सुरू झालं. उंबऱ्यावर नाही."

हे सगळं आमची ही आतून ऐकत होती. बाहेर आली ती कमरेला पदर खोचून. "म्हणजे तुमचा गृहप्रवेश झालाच नाही?"

"तो काय असतो?"

"माप ओलांडणं."

बाईंचा चेहरा उजळला. "आया सांगायची. तांदळाचं माप. उजव्या पायाने. मला म्हणायची, तुझ्या लग्नात मी ठेवीन. पण आमचं लग्न चर्चमध्ये, आणि पुढे बोट."

"अहो," आमची ही मला म्हणाली, "उंबरा काढायचाय ना? आधी माझं काम होऊ द्या, मग काढा."

त्या आठवड्यात नियम थोडे सैल होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघे मास्क लावून बाईंच्या परसात गेलो. हिने ऑस्ट्रेलियन बासमतीने पितळेची वाटी भरली, कारण माप नव्हतं, आणि उंबऱ्यावर ठेवली. अश्विनीने बाईंचा एक हात धरला, हिने दुसरा. फोनवर केविन, ॲडलेडहून. त्याला काही कळत नव्हतं. "मम, व्हॉट आर यू डुइंग?" म्हणून विचारत होता.

बाई त्याला इंग्रजीत म्हणाल्या, आणि संदीपने मला सांगितलं, "मी घरात येतेय, केविन. थोडा उशीर झाला."

मग बाईंनी एक गोष्ट केली जी मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. अश्विनीच्या खांद्याला धरून उजवा बूट काढायला लावला. अनवाणी पाय, निळ्या शिरांचा, लहानसा. त्यांनी तो उचलला. मी मनात मोजलं, सव्वाचार इंच, बरोबर. वाटीला हलकेच ढकललं. तांदूळ आतल्या फरशीवर पसरले, आणि तीन कोंबड्या आमच्या पायांतून धावत आत शिरल्या.

"मेल्यांनो," बाई ओरडल्या, "माझ्या आधी?"

आम्ही किती हसलो सांगता येत नाही. हिला तर कुंपणाला धरून उभं राहावं लागलं. केविनही फोनवर हसत होता, का ते त्याला ठाऊक नसताना. आणि त्या हशात मला दिसलं की आमच्या मागे दुसऱ्या बाजूच्या कुंपणापलीकडून शेजारची दोन-तीन गोरी माणसंही बघत होती. त्यांच्यासमोर बाई मराठी बोलल्या होत्या. बाईंच्याही ध्यानात आलं. त्यांनी वळून त्यांना मोठ्याने काहीतरी सांगितलं. संदीप म्हणाला, "सांगतायत की मी इंडियातल्या इगतपुरीची आहे." पलीकडून एक म्हातारी म्हणाली, "आय ऑलवेज थॉट सो, लव्ह," आणि घरात जाऊन केक घेऊन आली. कुंपणावरून दिला.

बाईंनी केक हातात घेतला, बूट पुन्हा घातला आणि मला म्हणाल्या, "अहो मिस्त्री, आता फोडा."

अहो. कुठून शिकल्या कोण जाणे. हीच रोज मला हाक मारते ती ऐकून शिकल्या असतील.

मी फोडला नाही, पहारीने अख्खा उचलला. पासष्ट किलो असेल. संदीपने एक बाजू धरली. लिंबाच्या झाडाखाली विटांच्या दोन बुटक्या खांबांवर ठेवला, बसायला. दाराशी सपाट सिमेंट केलं, पाणसळ लावून. तपासनीस आली, पास केलं.

आम्ही पुढच्या वर्षी घोटीला परत आलो. बाई दर रविवारी फोन करत. मराठी चांगलीच सुधारली होती, कारण आता त्या सगळ्यांशी बोलत; बेकरीवाल्याला "बरं आहे का" विचारत, आणि तो "बरं आहे" म्हणायला शिकला होता. एका रविवारी फोन आला नाही. सोमवारी संदीपचा आला. बाई आपल्या पलंगावर गेल्या, सकाळी, खिडकी उघडी ठेवून. कोंबड्या बाहेर होत्या. केविन आदल्या दिवशीच आला होता, आता सीमा उघडल्या होत्या. संदीपने फोटो पाठवला. केविन लिंबाखालच्या दगडावर बसलाय, मांडीवर एक कोंबडी.

गेल्या महिन्यात आमच्या हिचे गुडघे गेले. डॉक्टर म्हणाले, पाय फार उचलू नका. मी घोटीच्या घराचा उंबरा काढला. वडिलांनी बसवलेला होता. अख्खी गल्ली जमली. कोणी म्हणालं, मिस्त्री, घराचा उंबरा काढता? अपशकुन.

मी ओळंबा पिशवीत ठेवला आणि म्हणालो, "दगड सोडलाय. घर आहे तिथंच आहे."