लाल गोळी आणि दारचा चहा

उषाबाईच्या पायाला भिंगरी आहे असं अख्खं गाव म्हणायचं, आणि गावाचं काय चुकलं? ही बाई निवांत बसलेली कुणी पाहिलीय? जेवायला बसली तरी एक मांडी घालील आणि दुसरा पाय हलवत राहील. दिवे लागायच्या सुमाराला तर तिच्या पोटऱ्यांत आतून मुंग्या चालल्यासारखं व्हायचं. मग ही बया अंगणात येरझाऱ्या घालत सुटायची. नवरा धर्मराज वैतागायचा, "बाई, टेक की कुठंतरी!" ती म्हणायची, "टेकले की पाय ओढून राह्यलेत." यापुढे त्यानं कधी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. चालत्या बाईला काय धाड भरलीय, असा एकंदर कारभार होता.

घनसावंगीपासून जीपनं अर्ध्या तासावरच्या त्या गावात उषाबाई चौदा वर्षं आशाताई होती. गरोदर बायांची नावं लिहायची, त्यांना तपासणीला न्यायचं, रक्तवाढीच्या लाल गोळ्या घरोघर पोचवायच्या, बाळंतपणाला सोबत जायचं. हे काम तिनं घेतलं ते मीनामुळं. मीना तिची धाकटी बहीण, हसनाबादला दिलेली. सातव्या महिन्यात माहेरी आली तेव्हा तिचा सावळा रंग पार निवळला होता. उषाबाई कौतुकानं म्हणाली, "मीने, गोरीपान झालीस की गं!" आईनं मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. दोन महिन्यांनी मीना बाळंतपणात गेली. रक्त चारचौघींचं जातं तेवढंच गेलं होतं, पण मुळात तिच्या अंगात होतंच किती? डॉक्टरांनी नंतर सांगितलं, ती गोरी झाली नव्हती, रक्तावाचून पांढरी पडली होती. आपण तिला काय म्हणालो होतो, ते उषाबाईनं कुण्णाला सांगितलं नाही. ते वाक्य तिच्या पोटात तसंच राहिलं.

म्हणून गोळ्यांच्या बाबतीत ती भारी खट. बाया गोळ्या घ्यायच्या आणि उकिरड्यावर फेकायच्या, कारण तोंडाला लोखंडाची चव येते, मळमळतं, आणि शौचाला काळं होतं म्हणून जीव घाबरतो. उषाबाईनं फर्मानच काढलं, "माझ्या डोळ्यासमोर गिळ." आता आपल्याकडं दारात आलेल्या बाईला चहा दिल्याशिवाय कुणी जाऊ देतं का? चहा नाही म्हणाली तर घरचीचा अपमान. तेव्हा चहा यायचाच, आणि चहाच्या घोटाबरोबर गोळीची चवही मरायची. "घे घोट, आणि ढकल आत!" एकही गोळी वाया जायची नाही. महिन्याच्या बैठकीत तिनं ही युक्ती सांगितली तेव्हा बाकीच्या आशाताईंनी टाळ्या वाजवल्या होत्या. ती महिनाभर त्याच तोऱ्यात हिंडत होती.

यंदा तिच्या यादीत तृप्ती होती. द्वारकाबाईची सून, हरिओमची बायको, वय वर्षं वीस, पहिलटकरीण. घर खातंपितं, मागं मोसंबीची बाग. द्वारकाबाईचा हात सढळ आणि जीभ त्याहून सढळ, आणि तिचा चहा म्हणजे पातेल्यात घोटून घोटून लालभडक केलेला. अकराच्या वर हवं, तिथं तृप्तीला पाचव्या महिन्यात आठ पूर्णांक दोन हिमोग्लोबिन होतं. सहाव्यात सात पूर्णांक आठ झालं. सातव्यात सात पूर्णांक चार. पोरगी जिना चढली की धापा टाकायची, दर पंधरवड्याला सर्दी-तापानं आडवी व्हायची, आणि लपूनछपून कोरे तांदूळ चावायची. उषाबाईचा जीव टांगणीला लागला. गोळ्या तर सगळ्या पोटात गेल्या होत्या!

आरोग्य उपकेंद्रात तपासणीला नाजिया मॅडम होत्या. अंबडच्या, वयानं लहान, पण नजर तीक्ष्ण. त्यांनी विचारलं, "उषाताई, गोळ्या खरंच खाऊन राह्यली का ती?"

"माझ्या डोळ्यासमोर, मॅडम. एक बी चुकली न्हाई."

"कशासोबत?"

"चहासोबत."

नाजिया मॅडमनी पेन खाली ठेवलं. "रोज?"

"रोज. माझीच युक्ती हाय ती."

मॅडम रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळूच म्हणाल्या, "ताई, रक्ताचा लाल रंग लोहावर बनतो. अन् त्या लालीवरच श्वासातली हवा अंगभर फिरते. म्हणून ती कमी पडली की दम लागतो. तुमच्या गोळीत लोह हाय, बराबर. पण चहातला तुरटपणा पोटातच त्याला धरून बसतो, रक्तात जाऊच देत न्हाई. बरंचसं गेलं तसंच बाहेर पडतं. गोळीच्या आगेमागे दोन तास चहा बिलकुल नको. त्यापेक्षा आंबट फळासोबत द्या. मोसंबीतलं सी जीवनसत्त्व लोहाला आत ओढतं."

उषाबाई उठून उभी राहिली. दारापर्यंत गेली, परत आली. मोसंबी! मोसंब्यांनी लगडलेल्या बागेच्या कडेला उभं राहून ती चौदा वर्षं बायांना चहा पाजत आली होती.

"पंधरा दिवस बघू," मॅडम म्हणाल्या. "वाढलं न्हाई तर घनसावंगीला नेऊन सलाईनमधून लोह द्यावं लागंल. या रक्तावर ती बाळंत झाली तर..." पुढचं उषाबाईला तोंडपाठ होतं.

घरी जाऊन तिनं दार लावलं. चुलीवर दूध न घालता चहा ठेवला, एक लाल गोळी वाटीनं चुरली आणि पेल्यात टाकली. ढवळलं. बघता बघता चहा काळा झाला, दौतीतल्या शाईसारखा. ती त्या पेल्याकडं बघत राहिली. अरे देवा, किती जणींना पाजलं हे मी!

आता खरं सांगायचं की नाही? खरं सांगितलं तर गाव म्हणणार, चौदा वर्षं खोटी गोळी दिली, आता खरी कोणती? पुन्हा कुणी गोळीला हात लावणार नाही. शिवाय लाजही होतीच, का नसावी? तिनं पळवाट काढली. दुसऱ्या दिवशी द्वारकाबाईच्या ओसरीवर उभ्याउभ्याच म्हणाली, "मावशी, वरून नवा आदेश आलाय. गोळीसोबत चहा बंद. मोसंबी द्यायची."

द्वारकाबाई खो खो हसली. "वरून तर रोजच काही ना काही येतं बाई! काल म्हणे चूल बंद करा, आज म्हणे चहा बंद करा. उद्या म्हणतील श्वास घेऊ नका! अन् पोटुशीला मोसंबी? सर्दी होती तिला. तू काळजी नको करू. बघ कशी उजळली सून माझी. आली तव्हा कोळसा होती."

हे कौतुक उषाबाईनं आधीही एकदा ऐकलं होतं, स्वतःच्याच तोंडून. तरी पुढं आलेला चहा पिऊन ती निघाली.

पंधरा दिवस ती नुसती फिरत राहिली. सकाळी तृप्तीचं घर, दुपारी तृप्तीचं घर, संध्याकाळी अंगणात येरझाऱ्या. पंधराव्या दिवशी बोट टोचलं. सात पूर्णांक एक. तृप्ती कुजबुजली, "ताई, तुम्ही यायच्या आतच आत्याबाई चहासोबत देऊन राह्यल्यात गोळी. मी काय बोलू?"

आता मात्र उषाबाईचं डोकं फिरलं, ते स्वतःवर. ती तडक द्वारकाबाईच्या चुलीपाशी गेली. "मावशी, एक कोप कोरा चहा द्या. दूध नका घालू."

"काहून गं? दूध संपलं का माझ्या घरचं?"

"द्या तर."

कोप हातात आल्यावर तिनं पिशवीतून चुरलेली गोळी काढून त्यात टाकली आणि ढवळून द्वारकाबाईपुढं धरली. चहा काळाकुट्ट झाला. द्वारकाबाई मागं सरकली. "अगं बाई! विष घातलं का काय?"

"हीच गोळी हाय. अन् हाच तुमचा चहा. वरून आदेश-बिदेश काही आल्ता न्हाई मावशी, मी खोटं बोलले. चूक माझी हाय. चहासोबत गोळी लागू होत न्हाई, हे मला ठाऊक नव्हतं. मीच सगळ्यांना शिकवलं."

"चौदा वर्षं?" द्वारकाबाईचा आवाज चढला. "अन् ज्या बाळंत झाल्या त्या?"

"एकेकीच्या घरी जाऊन सांगणार हाय. शिव्या देतील, खाईन. पण आधी तुमची सून." उषाबाईनं कोप खाली ठेवला. "माझी मीना आठवती का? तिला मी म्हणले होते, गोरी झालीस. रक्त आटलं होतं तिचं, अन् मी गोरी म्हणले! कुणाला सांगितलं न्हाई आजवर. तुमची तृप्ती उजळली न्हाई मावशी. मीनासारखी पांढरी पडली."

चुलीतलं लाकूड विझत आलं होतं, द्वारकाबाईनं ते सारलं नाही. उषाबाईनं तृप्तीला जवळ घेतलं आणि तिच्या डोळ्याची खालची पापणी बोटानं ओढली. "इथं आत लाल पाह्यजे. बघा."

द्वारकाबाईनं वाकून पाहिलं. पापणीच्या आत कागदासारखं कोरं होतं. तिनं खरकट्या हातानंच सुनेच्या गालावरून हात फिरवला आणि ओरडली, "हरिओम! मेल्या, बसलास काय? उद्याची जीप सांग!"

सलाईनला घनसावंगीच्या खेपा झाल्या. चहा दुपारवर गेला. ताटात हिरवी भाजी, मटकीची उसळ अन् त्यावर पिळलेलं लिंबू आलं. मोसंबी तर द्वारकाबाई स्वतः सोलून भरवू लागली, आणि सर्दी काही झाली नाही. त्या दिवसांत उषाबाई एकेका दाराशी गेली. दोघी-तिघींनी तोंडावर दार लावलं, एकीनं चांगलंच खडसावलं. बैठकीत उभी राहून तिनं सांगितलं तेव्हा कुणी टाळी वाजवली नाही. दोन आशाताई मात्र बाहेर येऊन म्हणाल्या, आम्ही पण तसंच देत होतो.

नववा सरता सरता नऊ पूर्णांक सहा झालं. भर दुपारी घनसावंगीच्या दवाखान्यात तृप्तीला मुलगी झाली. नर्स बाहेर येऊन म्हणाली, "रक्त गेलं ते नेहमीइतकंच. आई बरी हाय." उषाबाई भिंतीला टेकली आणि लहान पोरीसारखी रडली. आणि पुन्हा फिरायला लागली. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

द्वारकाबाई सुनेला बघून आली. "परत काळी झाली गं माझी सून," हे तिनं असं सांगितलं की जणू पेढे वाटतेय. मग तिची नजर उषाबाईवर गेली. "अन् तू? आता तर झालं ना सगळं? बस की!"

"बसवत न्हाई मावशी. पाय आतून वळवळून राह्यलेत. किती वर्षं झाली." एवढं बोलून उषाबाईनं थर्मासमधला चहा ओतून घेतला. सकाळपासूनचा पाचवा.

द्वारकाबाई तिच्याकडं बघत राहिली. मग पुढं झाली, उषाबाईची हनुवटी धरली आणि तिची खालची पापणी ओढली.

"अगं माय!" ती म्हणाली. "हे तर पांढरंफटक हाय!"

उषाबाई उभीच राहिली. चौदा वर्षांत तिनं गावातल्या झाडून साऱ्या बायांचं बोट टोचून घेतलं होतं, स्वतःचं एकदाही नाही. दिवसाला दहा दारं आणि दहा चहा. समोरच्या खोलीत बोट टोचलं तर आठ पूर्णांक एक निघालं. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्तात लोह कमी पडलं की काहींचे पाय असेच स्वस्थ बसत नाहीत.

द्वारकाबाईनं तिच्या हातातला चहाचा पेला काढून घेतला, मोरीत ओतला आणि पिशवीतून मोसंबी काढून सोलायला बसली. फोड पुढं केली. दुसऱ्या हातावर तृप्तीच्यातली लाल गोळी होती.

"बस खाली," ती म्हणाली. "अन् गिळ. माझ्या डोळ्यासमोर."