परवानगीचा विस्तव

यादवराव तायड्यांनी आयुष्यात विस्तव पेटवायला कुणाची परवानगी मागितली नव्हती. भुसावळच्या शेडमधून निघणाऱ्या वाफेच्या इंजिनांत त्यांनी तेवीस वर्षं कोळसा टाकला. सुरुवातीला इंजिनं पुसणारा क्लीनर, मग सेकंड फायरमन, मग फर्स्ट फायरमन. पुढे वाफेची इंजिनं भंगारात गेली आणि रेल्वेने त्यांना डिझेलवर असिस्टंट म्हणून बसवलं. तिथे करण्यासारखं काही नसल्यामुळेच आपल्याला ब्लडप्रेशर लागलं, असं त्यांचं पक्कं निदान होतं आणि ते त्यांनी तीन डॉक्टरांना ऐकवलेलं होतं.

असा हा माणूस २००७ च्या नोव्हेंबरात, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, जर्मनीत रेगेन्सबर्गला मुलाच्या घरी सोफ्यावर बसून होता. अंगात दोन स्वेटर, त्यावर रेल्वेचा जुना निळा कोट, खिडकीबाहेर नदीवरून आलेलं दाट धुकं आणि समोर काचेच्या दाराची कोरी करकरीत शेगडी. शेगडी घरात येऊन सतरा दिवस झाले होते. अजून तिच्यात काडी पडली नव्हती.

"पेटवायची नव्हती तर आणली कशाला? ओवाळायला?" यादवरावांनी विचारलं.

"बाबा, शेगडी नाही, ओफन. आणि आब्नाहमं व्हायचीय अजून," अश्वजित म्हणाला.

अश्वजित हा त्यांचा एकुलता एक मुलगा, मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर. पोरगा हुशार, पण फाइलींचा नाद वाईट. घरातल्या प्रत्येक वस्तूची त्याच्याकडे फाइल होती, आणि या ओफनची फाइल तर यादवरावांच्या सर्व्हिस बुकापेक्षा जाड झाली होती. आब्नाहमं म्हणजे तपासणी. या मुलखात प्रत्येक वस्तीला एक कामिनकेरर, म्हणजे धुराडी साफ करणारा माणूस, नेमून दिलेला असतो. तो येणार, धुराडं बघणार, शेगडी आणि भिंत यांच्यातलं अंतर मोजणार, कागदावर सही ठोकणार, आणि मग घरमालकाने स्वतःच्या घरात स्वतःच्या लाकडाला काडी लावायची. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा यादवरावांना वाटलं, पोरगा आपली फिरकी घेतोय.

त्या अंतरापायी बाबासाहेबांची तसबीरसुद्धा जागची हलली होती. ती नेमकी शेगडीमागच्या भिंतीवर, आणि लाकडी चौकट शेगडीच्या इतक्या जवळ चालणार नाही, असं फाइलीत निघालं. सून यामिनी तसबिरीला हात लावायला कचरत होती. यादवराव म्हणाले, "हलव गं. कायद्याची गोष्ट आहे म्हटल्यावर बाबासाहेब कशाला हरकत घेतील?" तेव्हापासून तसबीर जेवणाच्या टेबलामागे होती.

थंडीचं यादवरावांना एवढं काही नव्हतं. त्यांना टोचत होतं ते वेगळंच. शेजारच्या फ्राऊ प्योश्ल, सत्तरीच्या गोल गरगरीत बाई, रोज सकाळी कुंपणापलीकडून हात हलवून म्हणायच्या, "गुटन मॉर्गन, हेर इंगेनिऑर!" आधी यादवरावांना वाटलं, बाई अश्वजितलाच हाक मारतेय. मग एकदा अश्वजित कामावर गेलेला असताना, कुंपणाशी ते एकटे उभे असताना, बाईने तेच म्हटलं. इंजिनियर हा शब्द कळायला काही जर्मन यावं लागत नाही.

संध्याकाळी त्यांनी मुलाला गाठलं. "मी कोण होतो म्हणून सांगितलंयस तू त्या बाईला?"

अश्वजित फाइल चाळत राहिला. "रेल्वेत होते म्हटलं. रेल्वेत इंजिनियर."

"का?"

"आल्झो, म्हणजे, बाबा, इथे प्रत्येकाला कुठे समजावत बसायचं? फॅक्टरीतही तेच सांगितलंय. सोपं पडतं."

सोपं कुणाला पडतं, हे यादवरावांनी विचारलं नाही. त्यांना राग आला की ते शिव्या घालत; फारच राग आला की गप्प बसत. त्या दिवशी ते झोपेपर्यंत गप्प होते.

कोळशाच्या कामाची त्यांना स्वतःला कधीच लाज वाटली नव्हती, उलट फुशारकीच जास्त. इंजिनातून काळा धूर निघाला की समजावं फायरमन अडाणी आहे, आणि यादवराव तायड्यांच्या इंजिनाचा धूर कायम पातळ, करडा, हे ते कुणालाही न विचारता सांगत. लाज वाटायला लावली ती दुसऱ्यांनी. दिनकरराव नावाचे एक ड्रायव्हर होते. सहा वर्षं दोघं एकाच इंजिनावर, हातभर अंतरावर उभे. यादवरावांनी फुलवलेल्या विस्तवावर दिनकरराव खुशाल स्वतःची वांगी भाजून घ्यायचे, पण यादवरावांच्या सुरईतलं पाणी त्यांना चालत नसे. वळणावर गाडी हलली आणि बाहीला बाही लागली तर म्हणायचे, "शिवू नकोस रे," आणि तेही अगदी गोड आवाजात. विस्तव बाटत नाही, पाणी मात्र बाटतं. हे शास्त्र ज्याने लिहिलं तो नक्की फुकटची वांगी भाजून खाणाराच असणार, असं यादवरावांचं मत होतं.

आणि आता, जिथे कुणाला कुणाची जात ठाऊक नाही अशा गावात, त्यांच्या पोटच्या पोराने त्यांचा कोळसा पुसून टाकला होता. डिसेंबरात त्यांचं परतीचं विमान होतं. मुलाच्या घरात आपण कोण, फायरमन की पोराने बनवलेला इंजिनियर, एवढं त्याआधी ठरायला हवं होतं. पण ते कसं ठरवायचं हे त्यांना कळत नव्हतं, कारण मुलापुढे हात पसरायची त्यांना सवय नव्हती.

कामिनकेरर मंगळवारी सकाळी नवाला आला. म्हणजे आला दोन मिनिटं आधी, पण नऊ वाजेपर्यंत दारात घड्याळ बघत उभा राहिला. यादवरावांनी खिडकीतून पाहिलं. हेर झिर्नगिबल असं त्याचं नाव. पन्नाशीचा, काळा डगला, त्यावर दोन रांगांत चकचकीत पिवळी बटणं, खांद्यावर तारेचा ब्रश, आणि नखांत कधीही न जाणारी काजळी. यादवरावांना तो बघताक्षणी आवडला.

झिर्नगिबलने अंतरं मोजली. अश्वजितने फाइल उघडून एकेक कागद असा पुढे केला की जणू मुलीचं स्थळ दाखवतोय. त्यासाठी त्याने रजा काढली होती. कागद संपले तेव्हा झिर्नगिबल म्हणाला, धुराडं ओढतंय का बघू, कृपया पेटवा.

आदल्याच दिवशी यादवरावांनी बजावलं होतं, "हे धुराडं किती वर्षं बंद आहे. आत गार हवा बसलीय बूच मारल्यासारखी. आधी खालून तापव, नाहीतर धूर घरात येईल."

"बाबा, मॅन्युअलमध्ये तसं काही नाहीये. तुम्ही बसा," अश्वजित म्हणाला होता. दोन महिन्यांत हे 'तुम्ही बसा' यादवरावांनी इतक्यांदा ऐकलं होतं की त्यांचे गुडघे आता आपोआप वाकायचे.

अश्वजितने मॅन्युअलप्रमाणे लाकडं रचली, मॅन्युअलप्रमाणे झडप उघडली आणि काडी लावली. धूर वर जायचं सोडून उलटा फिरला आणि दाराच्या फटींतून भसाभसा खोलीत आला. छतावरची धुराची घंटी किंचाळायला लागली. यामिनी खिडक्या उघडायला धावली, अश्वजित खोकत खोकत फाइलीने वारा घालत होता, त्या फाइलीचा तेवढाच काय तो उपयोग झाला. झिर्नगिबल शांतपणे डोळे पुसत उभा होता. सही होत नाही, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

यादवराव उठले आणि जिना उतरून केलरमध्ये, म्हणजे तळघरात गेले. तिथे धुराड्याच्या बुडाशी एक वीतभर लोखंडी दार होतं. या घरात आल्यापासून त्यांना ओळखीची वाटलेली ती एकच वस्तू. बिजागरी गंजलेली होती. त्यांनी दोन हिसके देऊन दार उघडलं तेव्हा वर्षानुवर्षांची काजळी त्यांच्या हातांवर, बाह्यांवर, मिशांवर ओतली गेली. सुपरमार्केटच्या जाहिरातींचे कागद चुरगळून त्यांनी आत कोंबले, पेटवले, आणखी कोंबले. क्षणभर काही झालं नाही. मग वरच्या अंधारात घों असा आवाज झाला आणि जाळ सरळ वर खेचला गेला. तो आवाज त्यांनी वीसेक वर्षांत ऐकला नव्हता. त्यांना इतका आनंद झाला की ते एकटेच मोठ्याने म्हणाले, "आता चल, साल्या!"

वर घंटी बंद झाली. जिन्यावर पावलं वाजली आणि आधी झिर्नगिबल, मग अश्वजित, मग यामिनी अशी वरात खाली आली. झिर्नगिबलने उघडं दार पाहिलं, राख पाहिली, वास घेतला, आणि हे कोणी केलं, असं विचारलं.

"माझ्या वडिलांनी," अश्वजित घाईघाईने जर्मनमध्ये म्हणाला. "ते इंजिनियर आहेत."

झिर्नगिबलने यादवरावांच्या हातांकडे बघितलं आणि हसत काहीतरी बोलला.

"काय म्हणतोय?" यादवरावांनी विचारलं.

यामिनीला हसू आवरत नव्हतं. "अहो बाबा, ते म्हणतायत, इंजिनियर असते तर वर उभे राहून मॅन्युअल वाचत बसले असते."

"यामिनी," यादवराव म्हणाले, "सांग त्याला. फायरमन. वाफेचं इंजिन, तेवीस वर्षं, भुसावळ शेड."

यामिनीने एकदा नवऱ्याकडे पाहिलं. नवरा जमिनीकडे बघत होता. मग ती स्पष्ट म्हणाली, "हाइत्सर. डाम्फलोक. तेवीस वर्षं."

झिर्नगिबलने टोपी काढली, काखेत धरली आणि आपला काळा हात पुढे केला. यादवरावांनी आपला काळा हात त्यात दिला. कितीतरी वेळ दोघं हात हलवत राहिले आणि एकमेकांना न कळणाऱ्या भाषांत धुराड्यांबद्दल बोलत राहिले.

सही झाली. सगळे त्याला पोचवायला दारात आले, तर पायरीशी फ्राऊ प्योश्ल चपला फटफटवत हजर. त्यांनी नमस्कार-चमत्कारही न करता झिर्नगिबलच्या डगल्याचं बटण धरून पिळलं, बाहीवर बोट घासलं आणि ते काळं बोट खुशीत सगळ्यांना दाखवलं.

"हे काय करतेय ही?" यादवरावांनी हळूच विचारलं.

"अहो बाबा, सांगायचं राहिलं," यामिनी म्हणाली. " इथे धुराडेवाल्याला शिवलं की भाग्य उजळतं म्हणतात. रस्त्यात दिसला तरी लोक हात लावून घेतात."

"पुन्हा सांग."

यामिनीने पुन्हा सांगितलं.

एवढ्यात फ्राऊ प्योश्ल यांचं लक्ष यादवरावांकडे गेलं. "हेर इंगेनिऑर! हे काय होऊन बसलं तुमचं!" त्या ओरडल्या. आता सगळे अश्वजितकडे बघायला लागले. तो फाइल छातीशी धरून उभा होता, कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. यादवरावांनी त्याला मदत केली नाही. पोरगा परीक्षेला बसला की त्यांनी कधीच मदत केली नव्हती.

"नाही, फ्राऊ प्योश्ल," अश्वजित शेवटी म्हणाला. "ते इंजिनियर नव्हते. मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं. माझे वडील हाइत्सर होते, फायरमन." आणि मग वडिलांकडे वळून मराठीत, "चुकलं माझं, बाबा."

"मग आज आम्ही दोघं आहोत," झिर्नगिबल बाईंना म्हणाला आणि त्याने बोटाने यादवरावांची निळी, काजळीने माखलेली बाही दाखवली. बाईंनी लगेच हात पुढे केला. यादवराव झटकन एक पाऊल मागे सरले. "शिवू नका, बाई, काळं लागेल," ते म्हणाले, आणि आपल्या तोंडून काय निघालं ते ऐकून स्वतःच चपापले. सुदैवाने बाईंना मराठी येत नव्हतं. त्यांनी बाही गच्च धरली, चांगली चोळली आणि काळं बोट स्वतःच्या नाकाला लावून घेतलं. यादवरावांना एकदम हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्हींपैकी कशाचीच त्यांना लाज वाटली नाही.

त्या संध्याकाळी शेगडीसमोर यादवराव बसले आणि लाकडं त्यांनीच टाकली. अश्वजित कुणी न सांगता स्वेटर चढवून बाहेर गेला, रस्त्यावर उभं राहून धुराड्याकडे मान वर करून बघत राहिला आणि आत येऊन म्हणाला, "करडा आहे, बाबा. एकदम पातळ."

"माहितीय मला," यादवराव म्हणाले.

यामिनीने निळा कोट मशीनमध्ये टाकायला मागितला. यादवरावांनी तो खुर्चीच्या पाठीवर नीट पसरून ठेवला होता, काजळीची बाही वर येईल असा.

"राहू दे आजच्या दिवस," ते म्हणाले. "त्या बाईच्या भाच्याची गाडी चालवायची परीक्षा आहे. तो उद्या सकाळी येतोय, मला शिवून जायला."