दामूकाकांची कॉमेंट्री

दामूकाकांच्या दुकानात रेडिओ दुरुस्तीला न्यायचा, तर आधी माणसाला स्वतः रेडिओ व्हावं लागायचं. टोकावड्याच्या एसटी थांब्यामागे त्यांचं दुकान. गिऱ्हाईक काउंटरवर रेडिओ ठेवून म्हणायचं, "काका, याचा व्हॉल्यूम गेला." काका चष्म्यावरून बघायचे. "बिघाड काय हाय ते नको सांगू. ऐकू काय येतं ते सांग. तोंडानं करून दाखव." तो बिचारा इकडेतिकडे बघत "खर्रर्र" करायचा. "खर्रर्र का फर्रर्र?" "फर्रर्र." "एकसारखं का मधी मधी?" गावचे पोलीस पाटील, शाळेचे हेडमास्तर, बाजाराला आलेल्या म्हाताऱ्या, सगळ्यांनी त्या काउंटरपुढे उभं राहून असले आवाज काढलेले मी पाहिले आहेत. एसटीची वाट बघणाऱ्यांची फुकट करमणूक व्हायची.

दुकानाच्या मागेच त्यांचं घर, मध्ये फक्त एक पडदा. गिऱ्हाईक आलं की पडदा सारून काकू बाहेर यायच्या. अंगानं किरकोळ, आवाजही तसाच बारीक. काकांच्या अगदी समोर उभं राहून गिऱ्हाईकाचं वाक्य जसंच्या तसं परत म्हणायच्या. "फर्रर्र करतो म्हणतायत. मधी मधी." एवढं झालं की पदराला हात पुसत आत. गावातली टवाळ मंडळी त्यांना 'टेपरेकॉर्डर' म्हणायची. मीही त्यांत होतो, हे सांगायला आता लाज वाटते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी मुरबाडला शेती खात्याच्या कचेरीत कारकून होतो आणि सुट्टीच्या दिवशी शहापूरच्या एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचो. गिटार होती सेकंडहँड, पण माझा जीव तिच्यात. दुखणं एकच होतं. सगळ्या तारा एकदम छेडल्या की स्पीकर फाटायचा, आणि एकेक तार हळुवार वाजवली की ढोलकीखाली ती कुठे जायची कळायचंच नाही. ऑर्केस्ट्राचे मालक गजूभाऊ एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "तुझी गिटार दिसते छान. ऐकू कधी येणार?" आणि मग बाजूला घेऊन म्हणाले, की धसईच्या साखरपुड्याला नीट ऐकू आली नाही, तर पुढच्या लग्नसराईला ते दुसरा गिटारवाला बघतील.

यावर उपाय म्हणजे कॉम्प्रेसर नावाची एक पेटी, पायाने दाबायची, हे मी ऐकून होतो. विकतची कधी पाहिली नव्हती. तिच्या सर्किटची एक धुरकट झेरॉक्स तेवढी मिळाली होती. ती घेऊन मी दामूकाकांकडे गेलो.

"कॉम्प्रेसर म्हंजे पंक्चरवाल्याकडं असतो तो?" त्यांनी विचारलं.

मी समजावलं. हळू आवाज येतो तो वर उचलायचा, मोठा येतो तो खाली दाबायचा, म्हणजे दोन्ही सारखे ऐकू येतात. काकांच्या हातातलं सोल्डरिंगचं काम थांबलं. "हळू असंल ते वर, आन् मोठं असंल ते खाली?" त्यांनी माझ्या तोंडाकडे बघत विचारलं. "दोन्ही एकाच डब्यात? आपोआप?" मी हो म्हटलं. त्यांनी झेरॉक्स माझ्या हातातून काढूनच घेतली. त्यांना कुतूहल दांडगं, हे ठाऊक होतं. पण त्या दिवशीसारखं मी कधी पाहिलं नव्हतं.

दोन दिवसांनी त्यांनीच मला ती पेटी समजावून दिली. "ग्रामसभेसारखं हाय. आत एक बारका दिवा. तू जोरात वाजवलंस की दिवा पेटतो. त्याच्या समोर हा बसलेला." हा म्हणजे एलडीआर, वाटाण्याएवढा तुकडा. उजेड पडला की तो विजेला वाट देतो, अंधारात अडवतो. "दिवा पेटला की हा आरडणाऱ्याला खाली बसवतो. दिवा विझला की बारीक बोलणाऱ्याला पुढं घेतो."

मी मुंबईला लॅमिंग्टन रोडवरून डझनभर एलडीआर आणले. मला वाटलं, त्यातला एक घेतील आणि लावतील. काकांनी बाराच्या बारा काउंटरवर मांडले. प्रत्येकाला मीटर लावायचे, बॅटरीचा झोत टाकायचे आणि मग पटकन मुठीत झाकून मीटरची सुई जागेवर यायला किती वेळ लागतो ते मोजायचे. बाराही वेगळे निघाले. एक आळशी, एक विसरभोळा, एक झोत पडायच्या आधीच दचकणारा. त्याचं नाव 'घाबरट' पडलं. "गिटारला आळशी बरा," ते म्हणाले. "तार वाजून विरत जाते, त्या वेळी यानं घाई नको करायला." दिव्यांचंही तसंच. लाल दिवा आमच्या डोळ्यांना जास्त झगझगीत दिसायचा, सुई मात्र हिरव्याला जास्त हलायची. "त्याचे डोळे येगळे, आपले येगळे," म्हणून काकांनी हिरवा घेतला. दिवा आणि एलडीआर समोरासमोर राहावेत म्हणून पांढऱ्या बॉलपेनची नळी कापून तिच्या दोन टोकांना दोघांना बसवलं. पेटी म्हणून भिंतीत स्विचमागे बसवतात ती लोखंडी डबी. बाजूला वायरींची भोकं असलेली, पण मजबूत.

मग जुळवणी. मी स्टुलावर बसून वाजवायचो, काका एक हात स्पीकरवर ठेवून दुसऱ्या हातानं बटण फिरवायचे. "काय ऐकलंस?" हा प्रश्न दर मिनिटाला. मी सांगायच्या आधीच कधी कधी म्हणायचे, "तोंड वाकडं झालं तुझं. मागं घेतो." मला वाटायचं, काय माणूस आहे, गिऱ्हाईकाच्या चेहऱ्यावरून सूर ओळखतो. चार दिवसांनी माझी गिटार खरंच बोलायला लागली. एकेक तार स्वच्छ, आणि जोरात वाजवलं तरी स्पीकर शांत.

धसईला साखरपुडा दुपारचा होता. स्टेज मांडवाच्या बाहेर, लख्ख उन्हात. पहिल्या गाण्याची सुरुवात एकट्या गिटारची. मी पायाने पेटी दाबली, वाजवायला लागलो, तर गिटार घशात कापूस कोंबल्यासारखी. गजूभाऊंनी डोळे वटारले. मी बटणं फिरवली, काही उपयोग नाही. आणि मग आमची गाणारी बाई माईकशी येऊन उभी राहिली आणि गिटार एकदम वाजायला लागली. ती बाजूला झाली, गिटार मेली. पुन्हा आली, पुन्हा जिवंत. पहिल्या रांगेतली मंडळी हसायला लागली. दोन गाण्यांनंतर गजूभाऊंनी मला हाताने खूण केली आणि मी खाली उतरलो.

दुसऱ्या दिवशी पेटी घेऊन मी काकांच्या दुकानात गेलो तो चांगलाच तापून. "काय ऐकलंस ते सांग," त्यांनी नेहमीप्रमाणे सुरुवात केली. मी सगळं ओकलो, गाणाऱ्या बाईसकट. काकू बाहेर येऊन परत म्हणायला लागल्या, "बाई पुढं उभी ऱ्हायली की वाजते म्हणतोय." काकांचे डोळे चमकले. "उभी कुठं व्हती? ऊन कुठून येत व्हतं?" त्यांनी पेटी उचलली, थेट दुकानाच्या पायरीवर उन्हात नेऊन ठेवली आणि मला वाजवायला लावलं. गिटार गप्प. त्यांनी पेटीवर तळहाताची सावली धरली. गिटार वाजली. "सावली रे, सावली!" लहान मुलासारखे ते हसले. आमच्या अंधाऱ्या दुकानात जे चाललं ते उन्हात कसं चालणार? भोकांतून ऊन आत येत होतं, पांढऱ्या नळीतून आरपार जात होतं, आणि आतल्या आळशाला वाटत होतं की कुणीतरी सारखं आरडतंय.

काकू आत गेल्या. काकांनी सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून नळीवर चढवला, भोकं बुजवली आणि काउंटरमागून म्हणाले, "आता बारीक वाजव." मी एक तार छेडली. त्यांनी माझ्या बोटांकडे बघत मान डोलावली. "आता झ्याक. बारीक हाय, पन येतं."

मी खाली बघितलं. पायरीवरून उठून आत येताना माझा पाय अडकून गिटारची वायर निघाली होती. स्पीकरमधून काहीच येत नव्हतं. मी पुन्हा तार छेडली. "बरोबर," काका म्हणाले.

माझं तोंडच बोललं असावं. काकांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या पायाकडे.

"वायर सुटलीय?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. ते ट्यूबचा उरलेला तुकडा कातरीनं बारीक बारीक कापत बसले.

"तरुणपणी दहा वर्सं लाउडस्पीकरवाल्याकडं काढली," मग ते म्हणाले. "भोंग्याला कान लावून बघायचो, वाजतो का नाय. आता हळू बोललेलं येत नाय. मोठ्यानं बोललेलं सुईसारखं टोचतं. मधलं असतं ना, तेवढंच माझं. तेपन कमी होत चाललंय." पडद्याकडे एकदा बघून त्यांनी आवाज खाली आणला. "कोणाला बोलू नको. हिलापन ठाऊक नाय. रेडिओवाला बहिरा म्हटल्यावर दुकानाची पायरी कोण चढंल?"

मी शब्द दिला. त्या आवाज काढून दाखवण्याचं, स्पीकरवरच्या हाताचं, माझ्या वाकड्या तोंडाचं कोडं एका क्षणात सुटलं आणि मला फार वाईट वाटलं. काकांना मात्र वाईट वाटून घ्यायला वेळ नव्हता. ते पेटीकडे बघत होते. "ह्याला गिटारच लागते का रे? मानसाचा आवाज घातला तर?"

पहिल्या दिवशी त्यांनी झेरॉक्स हातातून का काढून घेतली, ते मला तेव्हा कळलं.

दुसरी पेटी आम्ही एका मेलेल्या ट्रान्झिस्टरच्या पोटात बांधली. जुन्या टेपरेकॉर्डरचा माईक, कानात घालायची एक वायर, आणि मोठा नॉब. या वेळी नळी पहिल्यापासून काळी. आळशी एलडीआर चालेना. माणूस शब्दाशब्दाला चढतो-उतरतो, तोवर हा झोपलेला. मग काकांना घाबरट आठवला. घाबरटाला बसवलं, त्यांनी कानात वायर घातली आणि नॉब हळूहळू फिरवत गेले. मी "एक, दोन, तीन" म्हणत होतो. त्यांनी हाताने मला गप्प केलं. मान पडद्याकडे वळवली.

"आत काय करतेय ही?" ते पुटपुटले. मग स्वतःच म्हणाले, "भाकरी थापतेय." आणि थोड्या वेळाने, अगदी नवल वाटून, "दोन्ही हात येगळे वाजतात रे."

मी उगाच गिटारच्या तारा जुळवत बसलो.

त्या दिवसापासून दामूकाका कॉमेंट्री ऐकायला लागले, असं टोकावडं समजलं. ट्रान्झिस्टर काउंटरवर, वायर कानात. लोक विचारायचे, "काका, स्कोअर काय?" काका शांतपणे सांगायचे, "दोन गेले." बहुतेक वेळा ते खरंही निघायचं. तोंडानं आवाज काढायला लावणं मात्र त्यांनी सोडलं नाही. "सवय मोडली तर लोकं इचारतील," मला म्हणाले. बदल झाला तो एवढाच, की काकू पडद्याबाहेर येईनाशा झाल्या. ते माझ्या ध्यानात आलं, पण मी त्यावर विचार केला नाही. माझी गिटार वाजत होती, गजूभाऊंनी मला परत घेतलं होतं, मी माझ्या तंद्रीत होतो.

पुढे माझी बदली शहापूरला झाली, बिऱ्हाड तिकडेच हललं. रेडिओ मागे पडले, तरी काका दुकान उघडत राहिले. ते गेल्याचं मला उशिरा कळलं. मी सरळगावमार्गे टोकावड्याला पोचलो तेव्हा दहावा होऊन गेला होता. काकूंनी चहा दिला आणि आतून ट्रान्झिस्टर आणून माझ्यापुढे ठेवला.

"हा तू ने. तुमी दोघांनी बनवलाव."

मी म्हणालो, "काकू, हा रेडिओ..."

"रेडिओ नाय हाय. क्रिकेटची म्याच नसली तरी कानात घालून बसायचे." काकू हसल्या. "यानं ऐकू येतं, ते मला पयल्याच दिवशी कळलं. आन् ऐकू येत नाय ते त्याच्याआधीच कळलेलं, सात-आठ वर्सं. मंग गिऱ्हाईकाचं बोलणं परत कशाला म्हणत व्हते मी?"

काकू काकांच्या अगदी समोर उभ्या राहायच्या, ओठ दिसतील अशा. आम्ही टेपरेकॉर्डर म्हणायचो.

"त्यांना माहीत होतं, तुम्हाला कळलंय ते?"

"नाय. कळू देऊन कसं चालंल? दुकानात बसायचे नाय मंग." त्यांनी पदर सारखा केला. "यंत्र आलं तवा मी म्हटलं, बरं झालं. आता माझं भाईर काय काम? म्हणून येयाची बंद झाले."

मी ट्रान्झिस्टर हातात घेतला. नॉबभोवती पांढरी चिकटपट्टी लावलेली होती आणि तिच्यावर बॉलपेनने खुणा. एके ठिकाणी 'फोन', त्याच्या पुढे 'गिऱ्हाईक'. आणि सगळ्यात शेवटी, जिथे नॉब अडतो आणि पुढे फिरतच नाही, तिथे नुसतं 'ही'. तेवढीच जागा बोट लागून लागून काळी झाली होती. मी ती काकूंना दाखवली.

त्यांनी पट्टीवरून बोट फिरवलं. मग नॉब स्वतःच्या हातानं फिरवत फिरवत पार त्या टोकाला नेला, अडेपर्यंत.

"येवढी बारीक बोलायचे का रे मी?" त्या म्हणाल्या. "मोठ्यानं बोलले असते, तर रस्त्यावर समद्यांना कळलं असतं."

ट्रान्झिस्टर मी आणला नाही. तो काकूंकडेच आहे.