मोठ्या घंटेची तार

चर्चच्या मनोऱ्यात घंटा सत्तावीस होत्या आणि वाजवणारा एकच, म्हणून गावाने त्यांचं नाव टोलेमास्तर ठेवलं होतं. रोज संध्याकाळी पाचच्या आत ते दोनशे बारा पायऱ्या चढत, लाकडी खोलीतल्या बाकावर बसत आणि समोरच्या दांड्यांवर मुठी आपटत. प्रत्येक दांड्याची तार वर एकेका घंटेच्या लोलकाला बांधलेली. गावाला गाणं ऐकू जाई. मास्तरांच्या वाट्याला दांड्यांची खडखड आणि तारांची करकर. आपलं वाजवणं खाली कसं पोचतं, हे वाजवणाऱ्यालाच ठाऊक नव्हतं.

त्यांचे कान म्हणजे त्यांची बायको. चौकापलीकडे घर, आणि स्वयंपाकघराची खिडकी थेट मनोऱ्यासमोर. ती तिथे खुर्ची टाकून बसे आणि मास्तर घरी आले की निवाडा देई. मोठी घंटा बाकीच्यांना दाबते म्हणाली की दुसऱ्या दिवशी मास्तर मोठीच्या तारेचा स्क्रू अर्धा फेरा सैल करत. शेवटी घाई केलीत म्हणाली की दुसऱ्या दिवशी घाई नाही. आणि शाबासकी मिळाली तर स्वारी शीळ घालत भांडी घासायची. एकतीस वर्षं हे असं चाललं होतं.

अलीकडे दोन वर्षं मात्र गावात कुरबुर होती. मोठी घंटा ऐकूच येत नाही, असं बेकरीवाला तोंडावर म्हणाला, तेव्हा मास्तरांनी त्याच्याशी बोलणंच टाकलं. फादरांनी हळूच विषय काढला, तर मास्तर ताठ. बायको रोज ऐकते, आणि तिच्या मते मोठी अजून जास्तच आहे, असं त्यांनी ठणकावलं. अखेर चर्चच्या समितीने त्यांना सोमवारी बोलावलं. सुधारणा होणार नसेल तर दुसरा वादक आणायचा, असं घाटत होतं. मास्तरांची झोप उडाली. घंटा गेल्या तर उरलेल्या दिवसांचं करायचं काय, हे त्यांना सुचत नव्हतं.

त्याआधीच्या शुक्रवारी मनोऱ्याच्या दाराची किल्ली कुलपातच मोडली. कुलूपवाला येईपर्यंत सहा वाजले. त्या दिवशी एकही घंटा वाजली नाही. मास्तर चरफडत घरी आले. बायको खिडकीपासून उठली, चहाचं आधण ठेवलं आणि म्हणाली, "आज छान झालं. मोठी मात्र अजून जरा जास्तच आहे हं."

मास्तर दारातच थिजले. भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजले की ती खुर्चीत बसत होती, एवढंच. हल्ली बोलताना ती आपल्या तोंडाकडे टक लावून बघते, हे त्यांनी पाहिलं होतं. म्हातारपणी प्रेम वाढलं म्हणून मनातल्या मनात सुखावलेही होते.  मुद्दाम पाठ फिरवून त्यांनी विचारलं, "ऐकतेस का गं?" मागून नुसता कपबशांचा आवाज आला.

आधी राग आला. का लपवलं हिने? मग कळलं. सांगून टाकलं असतं तर संध्याकाळचा तो निवाडा संपला असता, आणि त्यापलीकडे दोघांकडे बोलायला फारसं काही उरलं नव्हतं.

सोमवारी फादर अगदी आपुलकीने म्हणाले, की बाईंनाच बोलावू. चौकात उभ्या राहून ऐकू देत आणि सर्वांसमोर सांगू देत. तार तासाभरात नीट झाली असती. खरं काय ते सांगायचं आणि जागा वाचवायची, इतकं सोपं होतं. पण बेकरीवाला समितीत बसला होता. संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं.

"तिला नका बोलावू," मास्तर म्हणाले. "दोन वर्षं ती सांगतेय, मोठी ऐकू येत नाही म्हणून. मीच मानलं नाही. माझे कान गेलेत."

त्यांनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या.  घरी मास्तरांनी वय झालं, एवढंच सांगितलं.

पुढच्या आठवड्यात नवा वादक आला आणि त्याने सगळ्यात आधी मोठीची तार कसली. पाच वाजता बायको घड्याळ बघून खुर्चीत बसली, शेजारी मास्तर बसले. मोठी घंटा घुमली आणि मास्तरांच्या अंगावर काटा आला. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच ते आपल्या घंटा गावाला ऐकू येतात तशा ऐकत होते. इतक्या सुंदर होत्या त्या, आणि मोठीला आपण दोन वर्षं मुकं करून ठेवलं होतं. त्यांना रडू आवरेना.

तिने त्यांचा हात हातात घेतला.

"रडू नका," ती म्हणाली. "तुमच्यासारखं नाही वाजवत तो."